कॉलेजच्या गटात पोरीला टाकू का? एका फॉर्म भरणाऱ्याचा रिव्ह्यू

बारावीचा निकाल लागला की माझ्या सेवा केंद्रासमोर चपलांचा ढीग पडतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमिलेयर आणि मग कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म. आमच्या तालुक्याच्या कॉलेजनं त्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक चौकोन टाकला आहे: ‘लर्निंग कम्युनिटीमध्ये सहभागी होऊ इच्छिता? होय / नाही.’ तिथं आलं की माऊस थांबतो आणि समोरचा बाप विचारतो, “भाऊ, हे काय होय? पैसे लागतात काय? होय करू का नोको?”

माझी धाकटी बहीण बी.ए.ला आहे. २०२५-२६ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्षाला, तिनं ‘होय’ केलं होतं. तिचं अख्खं वर्ष मी घरातून पाहिलं, पालक सभांना मीच गेलो. दर माणसाला तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. ज्याला ओळखायचं तो ओळखेल, आणि मला तिथल्या ऑफिसात दर आठवड्याला काम पडतं.

ही लर्निंग कम्युनिटी, म्हणजे गट (आमच्याकडं सगळे गटच म्हणतात), म्हणजे पहिल्या वर्षाची तीसेक पोरं-पोरी एकत्र बांधून दिलेली. इंग्रजी, मराठी, पर्यावरण आणि अर्थशास्त्र हे तास त्यांचे एकत्र. शिकवणारे चौघं आपसात बसून ठरवतात की या महिन्यात चारही विषयांत एकाच गोष्टीवर काम करायचं. शनिवारी दुपारी अडीचपासून गटाचा वेगळा तास असतो. एक मॅडम मेंटर, मदतीला दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी. फी वर्षाला पाचशे रुपये. पाचशेची पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही, पण मागितल्यावर मिळाली.

पालक सभेत मी पहिला प्रश्न क्रेडिटचा, म्हणजे तासांच्या हिशोबानं पदवीत जमा होणाऱ्या गुणांकाचा, विचारला. तो विचारायलाच पाहिजे. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांना लागू झालं तेव्हापासून फॉर्मवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी नवी बाराखडी आली आहे. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. पोट्टे एबीसी आयडी (हे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) काढायला येतात तेव्हा आधारला मोबाइल जोडलेला नसतो, ओटीपी मामाच्या जुन्या नंबरवर जातो आणि मामा सुरतला असतो. ते असो. उत्तर असं मिळालं: गटातले विषय अभ्यासक्रमातलेच असल्यानं त्यांचे क्रेडिट मिळतातच, पण शनिवारचा तास वरचा, त्याचं काही नाही. गटाचा प्रकल्प सीसीमध्ये, म्हणजे अभ्यासाला जोडून चालणाऱ्या उपक्रमांच्या क्रेडिटमध्ये, धरता येईल का, असं विचारलं तर ‘बघू’. मार्चपर्यंत ते ‘बघू’च होतं. क्रेडिटच्या आशेनं कोणी जात असेल तर चौकोनात सरळ ‘नाही’ करावं.

त्याच सभेत प्राचार्यांनी ही कल्पना अमेरिकेची असल्याचं भाषण ठोकलं. घरी येऊन शोधलं. खोटं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन नावाच्या गृहस्थांनी १९२७ मध्ये एक प्रयोग सुरू केला. पोरं एकाच वसतिगृहात राहायची आणि मास्तरांच्या खोल्याही तिथंच. पहिलं वर्षभर फक्त जुनं अथेन्स शिकायचं, राजकारण, कला, अर्थव्यवस्था सगळं त्यातूनच; दुसरं वर्ष अमेरिकेचं. १९३२ मध्ये ते बंद पडलं, पण कल्पना टिकली आणि पुढं तिकडच्या बऱ्याच कॉलेजांनी उचलली. सभेत माझ्या शेजारी एक रिटायर्ड गुरुजी बसले होते. ते हळूच म्हणाले, “वर्धा काय अमेरिकेत आहे काय?” गुरुजींचं म्हणणं बिनचूक होतं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनी हातच्या उद्योगातून सगळे विषय शिकवायची कल्पना मांडली, झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामला नई तालीम चालली. सूत कातता कातता गणित, कापसावरून भूगोल. आमच्या घरापासून वर्धा एसटीनं एका दिवसात जाऊन येण्याजोगं. आमच्या प्राचार्यांना विस्कॉन्सिन जवळ वाटलं.

पण गटानं ऑगस्टमध्ये जे केलं ते पाहून माझं मत फिरलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट म्हणजे पराटीवर (कापसाच्या झाडावर) मावा-तुडतुडे आणि घरोघरी फवारणी. गटाला काम दिलं: घरी आणलेल्या औषधाच्या बाटलीचा फोटो काढा. बाटली कॉलेजात आणायची नाही, उघडायची नाही, नुसता लेबलचा फोटो, चारही बाजूंनी. धाकटीनं कोठ्यातल्या फळीवरच्या तीन बाटल्या ओसरीत मांडल्या. त्यांच्या शेजारी फळीवर मिठाची बरणी होती, ती आईनं त्याच दिवशी तिथून हलवली. बाबा खाटेवर बसून बघत होते.

लेबलवर खालच्या कोपऱ्यात चौकट असते, तिच्यात रंगीत त्रिकोण. तांबडा म्हणजे सगळ्यात जहाल. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. आमच्या घरी एक पिवळा निघाला, दोन निळे. बाटलीसोबत घडीचं पत्रक येतं. ते उलगडलं तर अर्धी ओसरी भरली, आणि मराठीचा रकाना वाचायला तिला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. किती पाण्यात किती औषध, फवारल्यावर किती दिवस कापणी-वेचणी नाही, विषबाधेची लक्षणं काय, डॉक्टरांनी उतारा कोणता द्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं. बाबा म्हणाले, “इतके वर्ष फवारून रायलो, मले कोणी हा त्रिकोण दाखवला नाही.” दुकानदारानं दाखवला नाही, कृषी सहायकानं दाखवला असेल तर तो दिवस बाबा बाजाराला गेले असतील.

पर्यावरणाच्या तासाला त्रिकोण आणि पाण्यात जाणारं विष. इंग्रजीच्या तासाला तेच लेबल, कारण अँटिडोट, टॉक्सिक, इन्हेल हे शब्द तिथं नुसते पाठ करायचे नव्हते, घरच्या बाटलीवर होते. मराठीच्या तासाला त्या पत्रकाचं अर्ध्या पानाचं मराठी करायचं, रोजानं फवारणी करणाऱ्या माणसाला समजेल असं. मॅडमनी ‘श्वसनमार्गावाटे’ खोडून ‘नाकातोंडातून’ लिहायला लावलं. आणि अर्थशास्त्राच्या सरांनी विचारलं, पक्कं बिल कोणाकोणाकडं आहे? तीस घरांतून फार थोड्यांकडं निघालं. बिल नसलं तर औषध बोगस निघाल्यावर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आमच्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. गटातल्या पोरांना ते वर्ष आठवतं, तेव्हा ती चौथी-पाचवीत होती. एका लेबलवर चार मास्तर महिनाभर बोलले, हे मी माझ्या शिक्षणात कधी पाहिलं नाही. बाबा आता दुकानात त्रिकोणाचा रंग विचारतात आणि बिल घेतात. तोंडाला मात्र अजून दुपट्टाच. मास्क दिला तर तो कोठ्यात खुंटीला लटकलेला आहे.

ऑक्टोबरच्या आसपास सरांनी एकराचा हिशोब धरायला लावला. बियाण्याचं पाकीट ९०१ रुपयांचं, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणीची मजुरी किलोवर. समोर लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. बहुतेक पोरांनी घरच्या माणसांची मजुरी धरलीच नव्हती. आई रानात दिवसभर निंदते ते शून्य रुपये. सरांनी तिथून ए-टू, एफएल आणि सी-टू समजावलं: खिशातून गेलेला खर्च, त्यात घरच्यांची मजुरी, आणि त्यावर जमिनीचा खंड व भांडवलाचं व्याज. हमीभाव दीडपट देतो असं सरकार म्हणतं ते ए-टू अधिक एफएलच्या दीडपट, आणि शेतकरी संघटना मागतात ते सी-टूच्या. हे माझ्या केंद्रात बसणाऱ्या भल्याभल्या पुढाऱ्यांना धड सांगता येत नाही. धाकटीनं आईला वहीत मजूर म्हणून मांडलं आणि रात्री आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “मंग देणं न पैसे.”

त्याच दिवसांत सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) कापूस द्यायला कपास किसान ॲपवर नोंदणी सुरू होती. गटातल्या चार-सहा पोरांनी आपापल्या गावात लोकांची नोंदणी करून दिली. माझा धंदा तेवढा बुडाला, पण तक्रार नाही. सातबारा अपलोड करायचं काम पोट्ट्यांनी माझ्यापेक्षा नीट केलं.

आता दुसरी गोष्ट. तिच्यासाठीच मी लोकांना ‘होय’ करा म्हणतो. मोठ्या वर्गात सव्वाशे पोरं असतात, कोण आलं कोण गेलं कोणाला पत्ता नसतो. ७५ टक्के हजेरी भरली नाही हे पोरीला परीक्षेच्या तोंडावर नोटीस बोर्डावरून कळतं. गटात तसं होत नाही. धाकटीला ताप होता तेव्हा दुपारी दोन वाजायच्या आत तीन फोन आले, त्यातला एक मॅडमचा. एक पोरगा सप्टेंबरमध्ये यायचा बंद झाला. बापानं चाकणला कंपनीत लावून दिलं होतं. गटातली पोरं त्याच्या घरी गेली, बापाशी बोलली. बाप म्हणाला, बारा हजार महिना तुमचं कॉलेज देते काय? पोरगा गेला तो गेलाच. पण परीक्षेच्या फॉर्मची तारीख, फी, हॉल तिकीट सगळं त्याला गटातून कळत राहिलं, आणि पेपरांना तो पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊन बसला. त्याच्याच गावचा दुसरा एक पोरगा गटाबाहेर होता, तोही कंपनीत गेला. त्याचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला आणि कॉलेजात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुपही आहे. त्यावर गुड मॉर्निंगची गुलाबं फार. म्यूट करून ठेवा.

आता खटकलेलं. सगळ्यात मोठा घोळ एसटीचा. शनिवारचा तास अडीचला सुरू होऊन साडेचारच्या पुढं चालतो. आमच्या फाट्यावरून जाणारी गाडी सव्वातीनला सुटते. ती गेली की एकदम मुक्कामी गाडी, सातला. ती दिवाळीनंतर अंधारातच येते. मुली स्टँडवर बसून राहतात, स्टँडवरच्या संडासाला कडी नाही, आणि उपाशी पोटी एक आलूबोंडा वाटून खातात. घरी पोचायला आठ. पास असतो म्हणून पैशाची अडचण नाही. विद्यार्थ्यांना पासात ६६ टक्क्यांहून जास्त सवलत आहेच, आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना तिकीट अर्धं आहे. पण सवलत घेऊन बसायला गाडी तर पाहिजे. मी कॉलेजला लेखी दिलं की तास साडेबाराला घ्या किंवा डेपोला पत्र द्या. तास हलला नाही, कारण त्या वेळी खोली रिकामी नसते म्हणे. डेपोला पत्र गेलं की नाही ते क्लार्कला माहीत. शेवटी गावातल्या तीन पोरींच्या घरच्यांनी आळीपाळीनं मोटारसायकलवर आणायचं ठरवलं. माझी पाळी असली की केंद्र बंद, आणि त्या दिवशी नेमकी दाखल्याला गर्दी.

दुसरं, कॉलेजला शेतीचं कॅलेंडर वाचता येत नाही. कापसाचा हिशोब शिकवणाऱ्या गटानं आपलं सादरीकरण सोयाबीनच्या सोंगणीच्या आठवड्यात ठेवलं. अर्धी पोरं वावरात. मेंटर मॅडमनी त्यांची गैरहजेरी लावली नाही, उलट सोंगणीचा एकरी दर लिहून आणायला सांगितलं. पण वरून आलेल्या पाहुण्यांसमोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून प्राचार्यांचा पारा चढला आणि बोलणी बसली ती मॅडमनाच.

आणि त्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कायम जागा भरलेली नसली की कॉलेज तासांवर माणूस नेमतं. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही महिनोन् महिने अडकतात. सुट्टीत काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. गटाचं निम्मं काम, घरी फोन करणं, पोरांच्या गावी जाणं, शनिवारचा तास, हे त्यांच्या तासांत मोजलंच जात नाही. गट चालला तो त्यांच्या जिवावर. यंदा त्या असतील की नाही, हे मी हे लिहितो तोवर कॉलेजनं सांगितलेलं नाही. म्हणून चौकोनात खूण करण्याआधी ऑफिसात जाऊन एवढंच विचारा, यंदा मेंटर कोण? जुन्या मॅडम असतील तर डोळे मिटून ‘होय’. ‘नेमणूक व्हायची आहे’ असं उत्तर आलं तर पाचशे रुपये खिशात ठेवून पहिले पंधरा दिवस थांबा. गेल्या वर्षी नागपंचमीपर्यंत उशिरा येणाऱ्यांना घेत होते.

मार्कांचं म्हणाल तर धाकटीचे मार्क होते तसेच, मधले. इंग्रजीत जेमतेम. फरक बोलण्यात पडला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती उठली आणि म्हणाली की औषधाच्या त्रिकोणांचा तक्ता गावात रंगवा. आमच्या घरातली बाई ग्रामसभेत बोलली ती पहिल्यांदाच. सरपंचांनी शाळेच्या भिंतीवर रंगवूनही घेतला. पेंटरकडचा पिवळा संपला म्हणून दोन नंबरचा त्रिकोण भगवा दिसतो, आणि त्यावरून गावात वेगळीच चर्चा झाली. दुसऱ्यांदा पिवळा मारला तेव्हा मिटलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. एक एसटीनं खाल्ला, अर्धा ‘बघू’नं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी यात पडू नये, त्यांची पहाट मैदानावर जाते आणि शनिवारी दुपारी ते बाकावर झोपतात. गेल्या वर्षी दोघं झोपत होते. फक्त परीक्षेपुरतं कॉलेज करणाऱ्यांनीही नको, गटातले फोन करून सोडणार नाहीत. तालुक्याच्या गावातच राहणाऱ्यांनी, किंवा घरी गाडी असलेल्या पोरांनी, बिनधास्त व्हावं. घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल तर नक्कीच. कॉलेजात कोणत्या खिडकीत काय मिळतं हे सांगणारं त्यांच्या घरी कोणी नसतं.

परवा तांड्यावरची एक काकी पोरीला घेऊन आली. तिथं एसटी जातच नाही, फाट्यापर्यंत चालत यावं लागतं. पोरीला गटात जायचं होतं, ती माझ्या मॉनिटरकडं बोट दाखवत होती. मी काकीला म्हटलं, आधी राहायचं बघू. सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भरू, नंबर नाही लागला तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचा भरू, त्यात तालुक्याला राहणाऱ्या पोरीला वर्षाचे ३८ हजार मिळतात, हप्ते उशिरा येतात तेवढी तयारी ठेवा. काकीनं विचारलं, “आन् हे चौकोन?” कॉलेजच्या फॉर्मला दुरुस्तीची मुदत होती, म्हणून तो चौकोन तेवढा रिकामा ठेवला, बाकी सेव्ह केलं, आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक घेऊन सोमवारी या म्हणून सांगितलं.